जुनी जीप मध्येच का बंद पडते? कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांची एक तक्रार कुठेही गेलात तरी तीच असते. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, सपाट रस्त्यावर झकास पळते आणि नेमकी दगडाधोंड्यांच्या चढावर बंद पडते. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी पुन्हा सुरू होते. मग कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, खोलला जातो, साफ होतो, नवं किट बसतं, स्क्रू फिरवले जातात. दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

१९४१ ते १९४५ मधली विलीज एमबी असो, १९४८ पासून निघालेली लँड रोव्हर सिरीज असो, टोयोटाची एफजे ४० असो की सहा सिलिंडरची ४.२ लिटरची जीप सीजे. या सगळ्यांमध्ये इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं हे हवेचा दाब, काही बारीक भोकं आणि एक तरंगता फ्लोट मिळून ठरवतात. बहुतेकांमध्ये सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. त्यामुळे गाडी बिघाडाचा कोड दाखवत नाही. पण ती खूण दुसऱ्या प्रकारे देते. इंजिन कोणत्या क्षणी बंद पडलं आणि बंद पडताना कसं वागलं, हे नीट पाहिलं तर निम्मं निदान पाना न उचलता होतं. माझं स्पष्ट मत आहे की कार्ब्युरेटरच्या नावावर खपवलेले बरेच दोष टाकी, पाइप, पंप, पॅकिंग किंवा डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) असतात आणि न तपासता फिरवलेला स्क्रू एका दोषाचे दोन करून ठेवतो.

## आधी मूळ काम समजून घेऊ

पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल लागतं. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण ‘रिच’, कमी पडलं तर ‘लीन’. हे दोन शब्द पुढे पुन्हा येतील.

कार्ब्युरेटरचा गळा मध्यभागी अरुंद केलेला असतो. इंजिन हवा ओढतं तेव्हा त्या अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. शेजारच्या वाटीत साठवलेल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांतल्या फरकामुळे पेट्रोल वाटीतून जेटमधून वर ढकललं जातं आणि हवेत फवारलं जातं. जेट म्हणजे नेमक्या मापाचं भोक पाडलेला छोटा पितळी तुकडा.

वाटीतली पातळी राखायचं काम फ्लोटचं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो, अगदी तसंच. पेट्रोल खाली गेलं की फ्लोट उतरतो, निडल उघडते, पंपाकडून पेट्रोल आत येतं. पातळी भरली की निडल बंद. आता ती टाकी कोणी ट्रकवर ठेवून डोंगर चढायला निघालं तर बॉलकॉकची काय अवस्था होईल याचा विचार करा. ऑफ-रोड गाडीच्या कार्ब्युरेटरची निम्मी कहाणी तीच आहे.

एक गोष्ट अजून. गाडी स्लोवर, म्हणजे एक्सलरेटर सोडून इंजिन चालू ठेवून, उभी असताना गळ्यातून हवा इतकी कमी जाते की मोठ्या जेटमधून पेट्रोल वर येतच नाही. म्हणून स्लोसाठी वेगळी वाट असते: थ्रॉटलच्या (एक्सलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) पाकळीखाली उघडणारं बारीक भोक आणि त्याला पुरवठा करणारा स्लो जेट. या जेटचं भोक बहुधा अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असतं. कचऱ्याचा एखादा कण तिथे पुरतो. एक्सलरेटर एकदम दाबल्यावर पिचकारी मारणारा छोटा पंप आणि थंडीत मिश्रण रिच करणारा चोक, असे आणखी दोन भाग. बाकीचं जागेवर पाहू.

## पेट्रोल गेलं की करंट गेला?

हा पहिला प्रश्न. तो टाळून कार्ब्युरेटर खोलणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

चावी फिरवून बंद करावं तसं इंजिन क्षणात, अजिबात न अडखळता गेलं, तर संशय आधी इग्निशनवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर. धापा टाकत, झटके देत, एक्सलरेटर पंप केल्यावर थोडं सावरत, मग बंद पडलं तर पेट्रोल कमी पडलं असण्याची शक्यता जास्त. काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास आणि जड, गुदमरलेला आवाज येऊन बंद पडलं तर पेट्रोल जास्त झालंय.

गाडी बंद पडल्या पडल्या, थंड होण्याआधी, दोन गोष्टी तपासायच्या. पहिली: इग्निशन बंद करून एअर क्लीनर काढा, चोकची पाकळी उघडी धरा आणि गळ्यात पाहत थ्रॉटलचा लिव्हर हाताने झटकन फिरवा. पेट्रोलची ठसठशीत पिचकारी दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. कोरडं असेल तर पेट्रोल वाटीपर्यंत पोचलेलंच नाही आणि कार्ब्युरेटरचे जेट निर्दोष असू शकतात. (पिचकारीचं रबर किंवा चामडं वाळलेलं असेल तर वाटी भरलेली असूनही पिचकारी येत नाही, म्हणून ती गाडी चांगली असताना येते का, हे आधीच पाहून ठेवा.) दुसरी: स्पार्क टेस्टर लावून सेल्फ मारा आणि ठिणगी पाहा. हे करताना एअर क्लीनर पुन्हा जागेवर असू द्या, सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू द्या, आणि सेल्फ चालू असताना गळ्यात कधीही डोकावू नका. बॅकफायर झाला तर ज्वाळा वरच्या दिशेने येते. आगीचा सिलिंडर हाताशी हवाच.

इग्निशनमध्ये गरम झाल्यावर दगा देणारे दोन भाग म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर. थंड असताना दोन्ही ठणठणीत, तापले की ठिणगी गायब, गार झाले की पुन्हा चालू. म्हणजे पेट्रोल पाइपात उकळल्यावर जे होतं हुबेहूब तेच. फरक फक्त त्या क्षणी ठिणगी पाहिल्यानेच कळतो. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटची (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची) प्लेट आणि बॉडी यांना जोडणारी एक लहान अर्थची वायर असते. प्लेट हलत राहते तशी ही वायर आतून तुटते, वरून आवरण मात्र शाबूत दिसतं. खडबडीत रस्त्यावर अधूनमधून झटके मारणाऱ्या गाडीत ही वायर नक्की पाहा.

पॉइंटची गंमत वेगळीच. कॅमवर घासणारी त्यांची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे जातं आणि स्लो स्पीड हळूहळू उतरते. मालक दर महिन्याला स्लोचा स्क्रू थोडा घट्ट करत राहतो. वर्षभराने थ्रॉटल इतका उघडलेला असतो की स्लोची वाटच कामातून जाते. दोष पॉइंटचा, शिक्षा कार्ब्युरेटरला. म्हणून क्रम ठरलेला ठेवा: आधी प्लग, पॉइंट, टायमिंग, शेवटी कार्ब्युरेटर.

## चढावर किंवा तिरक्या वाटेवर बंद पडते

आता मघाच्या ट्रकवरच्या टाकीकडे येऊ. सपाट जागी वाटीतल्या पेट्रोलची पातळी फवाऱ्याच्या तोंडापेक्षा जेमतेम काही मिलीमीटर खाली असते. समजा वाटीचा मध्य फवाऱ्यापासून ५ सेंटिमीटर पुढे आहे आणि गाडीने २० अंशांचा चढ घेतला. तर वाटी फवाऱ्याच्या तुलनेत जवळपास १.७ सेंटिमीटर वर जाते. जिथे काही मिलीमीटरचा हिशेब होता तिथे १७ मिलीमीटरचा फरक. पेट्रोल आपोआप गळ्यात वाहू लागतं आणि इंजिन गुदमरतं. वाटी फवाऱ्याच्या मागच्या बाजूला असेल तर त्याच चढावर उलट घडतं: पातळी खाली जाते आणि इंजिन उपाशी मरतं.

म्हणजे आपल्या गाडीत वाटी कोणत्या बाजूला आहे हे एकदा बॉनेट उघडून पाहिलं की बरंच काही कळतं. वाटी पुढे असेल आणि चढावर काळा धूर काढून बंद पडत असेल तर पेट्रोलची पातळी जास्त आहे. उतारावर किंवा कचकन ब्रेक मारल्यावर बंद पडत असेल तर त्याच नियमाने उलटं वाचा. ब्रेक मारला की पेट्रोल पुढे धावतं. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने गाडी थांबवली तर वाटीतल्या पेट्रोलचा पृष्ठभाग २७ अंशांच्या उतारावर असल्यासारखा तिरका होतो.

पातळी वाढण्याची कारणं ठरलेली आहेत. निडलच्या टोकावर झिजेची रिंग पडलेली असते किंवा सीटवर कचरा अडकलेला असतो. पितळी फ्लोटला बारीक भेग जाऊन आत पेट्रोल शिरतं. कानाजवळ हलवला तर खळखळ ऐकू येते, आणि गरम पाण्यात बुडवला तर भेगेतून बुडबुडे निघतात. हे पाणी स्टोव्हवर ठेवलेलं नसावं, वेगळ्या भांड्यात ओतून आणलेलं असावं. नंतरच्या काळातले फोमचे फ्लोट दिसायला चांगले असतात, पण वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतात. त्यांना बदलणं हाच उपाय. आणि चौथं कारण पंप: जुन्या यांत्रिक पंपांचा दाब ३ ते ४ पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास असतो. त्याजागी कोणी जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला तर चांगली निडलही तो दाब अडवू शकत नाही.

फ्लोटची उंची मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापावर आणा. ऑफ-रोडसाठी पातळी दिलेल्या मर्यादेतल्या खालच्या टोकाला ठेवणारे बरेच जण आहेत आणि ते योग्यच आहे. मात्र त्याहून खाली नेलीत तर चढाचा त्रास जाईल आणि हायवेवर पूर्ण वेगात पेट्रोल तुटेल.

वाटीला हवेसाठी एक व्हेंट असतो. धक्क्यांनी पेट्रोल त्यातून उडून गळ्यात पडतं, म्हणून काही कार्ब्युरेटरवर ती नळी उंच करून घेतात. ती बुजवायची मात्र नाही. वाटीवर बाहेरच्या हवेचा दाब राहिला नाही तर पेट्रोल वर चढणारच नाही. काही कार्ब्युरेटर रचनेमुळेच तिरकेपणा जास्त सहन करतात. जीपवाल्यांमध्ये मोटरक्राफ्ट २१०० ला असं नाव आहे. पण तुमचा मूळ कार्ब्युरेटर नवा असताना याच डोंगरांवर चालत होता, हे विसरू नका.

एक साधी शक्यता राहिली. टाकी पाव भरलेली आहे आणि पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड चढावर उघडं पडतंय. टाकी भरून तोच चढ पुन्हा चढून पाहा.

## पाय उचलला की बंद पडते

सिग्नलला, वळणावर, गिअर बदलताना पाय उचलला की इंजिन जातं. पाय ठेवला की चालतं. स्लोची वाट बंद आहे किंवा कुठूनतरी जास्तीची हवा आत येतेय.

कार्ब्युरेटर, त्याखालचं पॅकिंग, इनलेट मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारा भाग), ब्रेक बूस्टरचा पाइप, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युमची नळी: यातलं काहीही ‘हवा घेत’ असेल तर ती हवा पेट्रोल न घेता आत शिरते आणि मिश्रण लीन होतं. जोरात चालताना एवढ्याशा हवेने फरक पडत नाही, स्लोवर मात्र ती भारी पडते. तपासण्यासाठी बरेच मेकॅनिक जोडांवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी हे धोक्याचं आहे. बारीक तुषार मारणाऱ्या बाटलीने साधं पाणी फवारा. फवारलेल्या जागी गळती असेल तर क्षणभर इंजिनाचा आवाज बदलतो. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी तेवढ्या कोरड्या ठेवा. बूस्टर असेल तर त्याचा पाइप चिमटून पाहा: इंजिन लगेच सावरलं तर दोषी सापडला.

थ्रॉटलचा दांडा बॉडीत जिथे फिरतो ती जागा दशकानुदशकं धूळ खाऊन मोठी होते. दांडा धरून वर-खाली हलवला आणि स्लो बदलला तर तिथूनही हवा जातेय. किट बदलून हे बरं होत नाही, बुश (झिजलेली जागा भरणारी धातूची बांगडी) बसवून घ्यावा लागतो.

स्लोचं मिश्रण ठरवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूची एक चाचणी फार उपयोगी आहे. इंजिन गरम करा, स्लोवर ठेवा आणि स्क्रू हलकेच पूर्ण आत फिरवा; किती फेरे गेले ते मोजून ठेवा. बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये असं केल्यावर इंजिन अडखळून बंद पडायला हवं. काहीच फरक पडला नाही तर इंजिन स्लोच्या वाटेवर चाललेलंच नाही. एक तर ती वाट तुंबलीय, किंवा थ्रॉटल इतका उघडा आहे की पेट्रोल दुसऱ्याच भोकांतून येतंय. अशा वेळी स्क्रू दिवसभर फिरवला तरी उपयोग शून्य. तो तळाशी कधी आवळू नका. टोकदार स्क्रूची जागा दबली की स्लो पुन्हा नीट बसत नाही. पुन्हा सुरुवात करताना दीड फेरा बाहेर ही बऱ्याच कार्ब्युरेटरसाठी चालणारी जागा आहे.

काही मॉडेल्सच्या खोडी ठाऊक असलेल्या बऱ्या. लँड रोव्हरच्या २.२५ लिटर पेट्रोल इंजिनावर येणाऱ्या झेनिथ ३६ आयव्हीचे आतले जोड उष्णतेने वाकतात. फटीतून पेट्रोल पाझरतं, स्लो रिच होतो आणि मिक्श्चर स्क्रूला दाद देत नाही. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते पृष्ठभाग घासून सरळ करतात. ४.२ लिटर जीपवरच्या कार्टर बीबीडीच्या स्लोच्या बारीक नळ्या वारंवार तुंबण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. एफजे ४० मधल्या २एफ इंजिनावर आणि अनेक जपानी कार्ब्युरेटरवर स्लोचं पेट्रोल तोडणारा एक सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असतो. चावी ऑन केल्यावर त्यातून ‘टक’ असा आवाज यायला हवा. आला नाही तर आधी वायर पाहा. एका सुटलेल्या पिनेसाठी पूर्ण कार्ब्युरेटर खोलला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

## काही किलोमीटर छान, मग हळूहळू दम तोडते

वाटीतलं पेट्रोल संपतंय आणि मागून तेवढं येत नाहीये. यात सगळ्यात आधी टाकीचं झाकण. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत यायला हवी. झाकणाचं भोक बुजलं असेल किंवा भोक नसलेलं चुकीचं झाकण लागलं असेल तर टाकीत व्हॅक्युम तयार होतो आणि पंप हरतो. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर पंप, फिल्टर कशालाही हात लावू नका, झाकण बदला.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. यांत्रिक पंप इंजिनावर असतो, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या पूर्ण पाइपात दाब नसतो, ओढ असते. तिथल्या रबराला भेग गेली तर पेट्रोल गळेलच असं नाही, हवा आत ओढली जाते. खाली एक थेंब पडत नाही आणि पंपाला मात्र पेट्रोलऐवजी बुडबुडे मिळतात. काही पाइप बाहेरून ठीक दिसतात पण आतून मऊ होऊन ओढीने चपटे होतात. तपासायला पंपात पेट्रोल येतं त्या तोंडाला एक तात्पुरता चांगला पाइप लावून तो पेट्रोलच्या सुरक्षित कॅनमध्ये सोडा. गाडी नीट चालली तर दोष मागे आहे: पाइप, टाकीतली जाळी किंवा गंज. तरीही दम तोडला तर पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ओढणारा रबरी पडदा).

## गरम झाली की रुसते

पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक ३५-४० अंश सेल्सिअसपासूनच वाफ होऊ लागतात. लो गिअरमध्ये रांगताना रेडिएटरमधून वारा जेमतेम जातो आणि बॉनेटखाली उष्णता साठते. ओढ असलेल्या पाइपात दाब कमी असल्याने पेट्रोल आणखी लवकर उकळतं, पंप वाफ ओढू लागतो. हा व्हेपर लॉक. दुसरा प्रकार इंजिन बंद केल्यानंतरचा: वारा थांबतो, खालची उष्णता वर येते, वाटीतलं पेट्रोल उकळून गळ्यात सांडतं. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर इंजिन पेट्रोलने भरलेलं. तेव्हा एक्सलरेटर पूर्ण दाबून, पंप न करता, सेल्फ मारायचा.

उपाय दिखाऊ नाहीत, पण टिकतात. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासून दूर न्या. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा स्पेसर बसवा. मॅनिफोल्डमध्ये गरम करणारी झडप असेल तर ती गंजून ‘गरम’ बाजूला अडकलेली नाही ना, पाहा. टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावला तर पाइपात ओढीऐवजी दाब राहतो. मात्र इंजिन थांबताच पंप बंद करणारा स्विच त्यासोबत हवाच. ४.२ लिटर जीपच्या फिल्टरला तीन तोंडं असतात, त्यातलं टाकीकडे परत जाणारं तोंड वरच्या बाजूला ठेवावं लागतं म्हणजे वाफ परत जाते. तो उलटा बसवलेला असेल तर व्हेपर लॉकचं कारण तिथेच आहे.

थंडीतली गोष्ट थोडक्यात. थंड इंजिन बंद पडत असेल तर चोक पूर्ण मिटतो का पाहा. शून्य ते पंधरा अंशांच्या दमट हवेत पेट्रोलच्या वाफेने गळा इतका गार होतो की आत बर्फ धरतो. गाडी बंद पडते आणि थोड्या वेळाने तो बर्फ वितळून ती सुरू होते. एअर क्लीनरला गरम हवा देणारी नळी याचसाठी दिलेली असते. ती काढून फेकू नका.

## इथेनॉलमुळे तर होत नाही ना?

काही अंशी होतं. इथेनॉलला जळायला वजनाने ९ पट हवा पुरते, पेट्रोलला १४.७ पट. त्यामुळे जेट तोच ठेवून १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरलं तर मिश्रण साधारण ४ टक्के लीन होतं, २० टक्क्यांना साधारण ८ टक्के. आधीच लीन सेट केलेलं जुनं इंजिन एवढ्याने स्लोवर डळमळू शकतं आणि एक-दोन माप मोठा जेट लावणं रास्त ठरतं. इथेनॉल जुनं रबर आणि कॉर्क खराब करतं, टाकीतला जुना चिकट थर सोडवतं आणि पाणी ओढतं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसह तळाशी वेगळं होतं, आणि नळी तळातूनच ओढते. म्हणून पाइप, डायफ्राम आणि पॅकिंग इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचे घ्या, आणि अशा पेट्रोलने टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. पण हेच पेट्रोल भरून गेल्या वर्षी गाडी ठीक चालत होती आणि आता बंद पडते, तर आधी वरचे दोष शोधा.

उंचीचाही असाच परिणाम, फक्त उलट. दर १,००० मीटरला हवा सुमारे १० टक्के विरळ होते, मिश्रण रिच होत जातं आणि घाटमाथ्यावर स्लो जड होतो. खाली उतरल्यावर ते आपोआप बरं होतं. वर असताना फिरवलेला स्क्रू मात्र होत नाही.

## मग सरळ इंजेक्शनच का बसवू नये?

हा आक्षेप खरा आहे. इंजेक्शन म्हणजे कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा. तिला तिरकेपणाचा फरक पडत नाही, उंचीचा हिशेब ती स्वतः करते. ज्यांना रोज कठीण वाटा चढायच्या आहेत त्यांनी ते जरूर बसवावं. मात्र सिलिंडरवार इंजेक्शनला ४० पीएसआयहून जास्त दाब लागतो, म्हणजे कार्ब्युरेटरच्या दहापट. त्यासाठी नवा पंप, नवे पाइप, टाकीकडे परतीची नळी, स्वच्छ टाकी आणि न डगमगणारं चार्जिंग हवं. गंजकी टाकी, हवा घेणारं मॅनिफोल्ड आणि थकलेला डिस्ट्रिब्युटर तसेच ठेवून इंजेक्शन बसवलं तर ते दोष तिथेही सोबत येतात, आणि आडवाटेवर ते दुरुस्त करणं अवघड जातं.

नवीन स्वस्त कार्ब्युरेटर घेण्याबद्दल मी जास्त साशंक आहे. हुबेहूब दिसणाऱ्या नकलेतले जेट तुमच्या इंजिनासाठी निवडलेले असतीलच असं नाही. मूळची बॉडी तडकलेली नसेल तर बुश, निडल, फ्लोट आणि पॅकिंग बदलून ती पुन्हा चांगली होते.

## खोलायचाच असेल तर

आधी फोटो काढा, प्रत्येक स्क्रूचे फेरे लिहून ठेवा. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं आणि भोकाचं माप बिघडतं. क्लीनर आणि हवा वापरा, डोळ्यांवर चष्मा लावा, आणि हवा मारण्याआधी फ्लोट बाहेर काढा, नाहीतर तो चेपतो. प्रत्येक वाटेच्या एका तोंडातून फवारून दुसऱ्या तोंडातून धार येते का, हे पाहिल्याशिवाय ती साफ झाली असं धरू नका.

बसवल्यावर इंजिन पूर्ण गरम करा, चोक पूर्ण उघडा आहे याची खात्री करा आणि मॅनिफोल्डला व्हॅक्युम गेज (आतली ओढ मोजणारं मीटर) लावा. समुद्रसपाटीजवळ सुस्थितीतल्या इंजिनात स्लोवर काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो. स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा हवा जातेय. काटा थरथरत असेल तर व्हॉल्व्हकडे पाहावं लागेल आणि ते कार्ब्युरेटरचं काम नाही. मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत काटा सर्वांत वर कुठे जातो ते शोधा, मग स्लो स्पीड मॅन्युअलप्रमाणे ठेवा. एक बदल, एक चाचणी, मग दुसरा बदल. हे सगळं एअर क्लीनर जागेवर बसवून करा, कारण तो काढून सेट केलेलं मिश्रण तो बसवल्यावर बदलतं, विशेषतः तो तेल भरायचा प्रकार असेल आणि तेलात धूळ साचलेली असेल तर.